हात दाखवून सुलक्षण

संगमनेरच्या बसस्थानकावर उतरून माणसाने डोळे मिटून कुठल्याही दिशेला चालायला सुरुवात केली, तरी तो थोड्या वेळात एखाद्या दवाखान्यात पोचतो. डोळे मिटून चालल्यामुळे तर हमखास पोचतो. राजूर-कोतुळाकडून, पठारभागातल्या साकूर-घारगावाकडून, झालंच तर सिन्नरच्या बाजूनेही माणसं इथे पोट धरून, छाती धरून, नाहीतर एकमेकांना धरून येत असतात. सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आलं, डायलिसिस आलं. राहता राहिलं होतं ते हात धुवायला लावणारं यंत्र. तेही आलं.

तसं ते करोनात एकदा येऊन गेलं होतं. 2020 साली प्रत्येक दुकानाच्या दारात पायाने दाबायचा तो लोखंडी स्टँड उभा होता. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर करायची परवानगी मिळाली आणि उसाच्या मुलखातल्या लोकांना प्रथमच समजलं, की मळीपासून निघालेली वस्तू हातावरही घेता येते. साथ सरली. बाटली आधी रिकामी झाली, मग तिच्यात पाणी आलं, मग नुसता स्टँड उरला. त्याच्यावर आता छत्र्या अडकवतात.

नवं यंत्र मी पाहिलं ते एका खाजगी दवाखान्यात. नाव सांगत नाही, कारण तिथे पुन्हा जायची वेळ येऊ शकते. मामींचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि मी ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. वॉर्डाच्या दाराशी भिंतीवर एक पांढरी डबी. खाली हात धरला की फुस्स करून तळहातावर थेंब सोडायची. स्टाफसाठी होती, पण पहिला ताबा नातेवाइकांनी घेतला. एका गृहस्थांनी डबीखाली औषधाची रिकामी बाटली धरून घरची सोय केली. एका पोराने तिला इतक्या वेळा फुस्स करायला लावलं, की तिच्या पोटातला लाल दिवा लागला. एका आजोबांनी तीर्थ समजून तळहात ओठांपर्यंत नेला होता; सुनेने वेळेवर मनगट धरलं.

पण डबी हा यंत्राचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा स्टाफच्या गळ्यात. प्रत्येक सिस्टर, ब्रदर, वॉर्डातले मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळ्यांना एकेक बॅज. वॉर्डात शिरताना डबीखाली हात धरला की बॅज हिरवा होतो; न धरता पुढे गेलं तर लाल होऊन गळ्यात गुरगुरतो. कोणी किती वेळा हात चोळले याची नोंद आपोआप संगणकात. महिनाअखेरीस ड्यूटी रूममध्ये टक्केवारीचा कागद लागायचा. त्या कागदाला तिथे ‘रिझल्ट’ म्हणत.

पहिल्या महिन्याचा रिझल्ट बरा होता. दुसऱ्या महिन्याचा इतका चांगला लागला, की मोठे डॉक्टर स्वतः तो वाचायला खाली आले. रजेवर असलेल्या एका सिस्टरनेही महिनाभर उत्तम हात चोळले होते. चौकशीअंती उलगडा झाला. चहाच्या वेळेला वॉर्डातले एक मामा सगळ्यांचे बॅज गोळा करायचे, खिशात घालायचे आणि डबीखाली हात धरत दारातून दोन फेऱ्या मारायचे. एका माणसाच्या हातावर आख्ख्या शिफ्टचं पुण्य. ‘‘सायेब, मशीन माणूस मोजत नाही, बॅज मोजतंय,’’ असं मामांनी शांतपणे सांगितलं. या विषयावर गेल्या दोन दशकांत निघालेल्या शोधनिबंधांचा बराचसा सारांश त्या एका वाक्यात येतो, हे मामांना माहीत नव्हतं.

कारण खरी भानगड इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करायचे पाच क्षण सांगितले आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, सुई-नळीसारखं निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवी वगैरेंशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. दारातल्या यंत्राला यातलं काय दिसतं? येणारा आणि जाणारा. मधले क्षण पडद्याआड घडतात आणि नेमके तेच जास्त धोक्याचे. ‘आसपासच्या वस्तू’ ही आपल्याकडे काय चीज आहे, याची तर जिनिव्हातल्या तज्ज्ञांना कल्पनाच नसावी. तिथे खाट आणि टेबल असतं. आपल्याकडे खाट, टेबल, डबा, दुसरा डबा, पहिल्या डब्यातली भाजी उतू गेलेली पिशवी, शहाळं, चादरीखाली झोपलेला नातू आणि खाटेच्या कडेवर बसलेले बघायला आलेले चौघे. यातल्या प्रत्येकाला स्पर्श झाल्यावर हात चोळायचे म्हटलं, तर सिस्टरने इंजेक्शन कधी द्यायचं?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात यावर एक पाऊल पुढचं यंत्र निघालं. ते चक्क हाताचा वास घेतं. हाताला अल्कोहोलचा वास आला तर खाटेवरचा दिवा हिरवा, नाही आला तर बॅज थरथरून आठवण देतो. नाशिक-पुणे रस्त्यावर रात्री वास घेणारं एक यंत्र असतंच; ते तोंडापुढे धरतात आणि वास आला तर माणूस अडकतो. इथे वास आला तर सुटतो. एकाच द्रवाची दोन जागी दोन कायद्यांखाली झडती व्हावी, हे मला फार आवडलं.

आता बघण्याबद्दल. शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनची उपकरणं करणारा कारखाना होता. तिथे 1924 पासून कामगारांवर प्रयोग झाले. दिवे वाढवले तर काम वाढलं, दिवे कमी केले तरी काम वाढलं, कारण कोणीतरी आपल्याकडे बघतंय हे कामगारांना कळलं होतं, असं सांगतात. नंतरच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर पुष्कळ शंका काढल्या, पण ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव जे चिकटलं ते चिकटलं. आपल्याला त्यासाठी शिकागोला जायला नको. केंद्र सरकारने 2015 मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी ‘कायाकल्प’ योजना काढली. खाजगीवाल्यांना ‘एनएबीएच’चं मानांकन असतं. दोन्हींत हाताच्या स्वच्छतेला गुण आहेत. तपासणीच्या दिवशी कुठल्याही दवाखान्यात जाऊन बघा. फिनाइलचा वास फाटकापासून स्वागताला येतो. वर्षभर ‘आणतो’ म्हणून सांगितलेला साबण बेसिनवर प्रकट होतो, वेष्टनासकट. तपासनीस दिसला की लोक इतके हात चोळतात, की लांबून बघणाऱ्याला काहीतरी मोठी खरेदी ठरतेय असं वाटावं.

टोरंटोत संशोधकांनी हे यंत्राने मोजलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासनीस नजरेच्या टप्प्यात असेल तेव्हा हात स्वच्छ करण्याचं प्रमाण सुमारे तिपटीने वाढलेलं दिसलं. म्हणजे तपासनीस वहीत जे लिहून नेत होता ते हातांबद्दल नव्हतंच. ते त्याच्या स्वतःबद्दल होतं.

मग अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरच्या नॉर्थ शोअर विद्यापीठ रुग्णालयाने मुळालाच हात घातला. 2008 मध्ये तिथल्या अतिदक्षता विभागात बेसिनवर आणि डिस्पेन्सरवर कॅमेरे लावले. पहिले 16 आठवडे नुसतं चित्रण, कोणाला काही सांगायचं नाही. निकाल: 10 टक्क्यांच्याही खाली. अमेरिका, अतिदक्षता विभाग, आणि दहात एकसुद्धा धड नाही! मग टक्केवारी भिंतीवरच्या दिव्यांच्या पाटीवर सर्वांना दिसेल अशी झळकवायला लागले आणि प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. इथपर्यंत ठीक. पण हे चित्रण बघून ‘धुतले’, ‘नाही धुतले’ अशा खुणा करत कोण बसलं होतं? भारतातली माणसं. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातही हे छापून आलं होतं.

मला ही बातमी वाचल्यापासून झोप नाही. आपल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला एखादा गुणी मुलगा रात्रपाळीला बसलाय आणि सातासमुद्रापलीकडच्या सिस्टरचा अंगठा बघतोय, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आईने फोनवर विचारावं, ‘‘काय रे, काम काय असतं तुला?’’ तर त्याने काय सांगावं? ‘‘आई, लोक हात धुतात का ते बघतो.’’ आई गप्प. त्याच्या लहानपणी तिने हेच काम वर्षानुवर्षं फुकट केलेलं असतं. आणि पहाटे पाळी संपवून तोच मुलगा टपरीवर वडापाव घेतो, वर्तमानपत्राच्या कपट्यात, त्याच हाताने, ज्याच्याकडे जगात कोणाचाही कॅमेरा वळलेला नाही.

डॉक्टर मंडळी हात धुवायला नाखूश असण्याला इतिहास आहे. 1847 साली, म्हणजे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती तेव्हा, व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाया जास्त मरत. गावात हे इतकं माहीत होतं, की सुइणींच्या विभागात घ्या म्हणून बाया गुडघे टेकून विनवण्या करत. सेमेलवाइसच्या लक्षात आलं, की डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतपणं करतात. त्याने सगळ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात 18 बाया दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. यावर वरिष्ठांनी पेढे वाटले? छे! डॉक्टरच्या हाताने रोगी मरतो असं म्हणणं हाच अपमान झाला. त्याची नोकरी दोन वर्षांत गेली आणि 1865 मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून मेला. आज त्याच्या देशात, हंगेरीत, हात नीट चोळले गेले का हे दाखवणारं यंत्र तयार होतं. त्याचं नाव ‘सेमेलवाइस स्कॅनर’. जिवंतपणी ऐकायचं नाही आणि नंतर यंत्राला नाव द्यायचं, ही रीत फक्त आपलीच आहे असं मी आजवर समजत होतो.

चुना म्हटल्यावर संगमनेरकराचे कान टवकारलेच पाहिजेत. अख्ख्या महाराष्ट्राच्या तळहातावर जाणारी गाय छाप तंबाखू याच गावची. तिचं सेवन कोणी करावं असं माझं म्हणणं नाही. दवाखान्यांच्या गर्दीत तिचाही वाटा आहे. पण ती मळण्याची क्रिया एकदा हातस्वच्छतेच्या नजरेने बघा. चिमूट तळहातावर. नखाने चुना. अंगठा गोल गोल फिरतोय, तळहाताचा कोपरान् कोपरा घासून निघतोय, मधूनच थाप, वरची धूळ उडवणं, पुन्हा अंगठा. जागतिक आरोग्य संघटना हँडरबसाठी 20 ते 30 सेकंद सांगते. तंबाखू मळणारा घड्याळ न बघता त्याहून जास्त घेतो आणि मधली एकही पायरी गाळत नाही. त्याच्या गळ्यात बॅज नसतो, डोक्यावर कॅमेरा नसतो, भिंतीवर सूचना नसते. उलट सूचना असतेच, तंबाखू खाऊ नये म्हणून, आणि तो तिच्याखालीच उभा राहून मळत असतो.

तो चुकत नाही, कारण फळ लगेच ओठाखाली मिळतं. हात चोळणाऱ्या सिस्टरला काय मिळतं? चोळल्यामुळे जो जंतुसंसर्ग झाला नाही, तो कोणालाच दिसत नाही. न आलेल्या तापाचा तक्ता खाटेला लटकत नाही. मामी चौथ्या दिवशी घरी गेल्या त्या कोणाच्या धुतलेल्या हातांमुळे, हे मामींना कळलं नाही, मला कळलं नाही आणि ज्याने धुतले त्यालाही कळलं नाही. यंत्रवाले हिरवा दिवा लावतात तो ही उणीव भरून काढायला. पण हिरव्या दिव्याला तंबाखूची तल्लफ कुठून येणार?

अंगठ्याचं मात्र लक्षात ठेवा. प्रशिक्षणात हाताला चमकणारं मलम लावून हात चोळायला सांगतात आणि मग जांभळ्या दिव्याखाली धरायला लावतात. राहून गेलेला भाग अंधारा दिसतो. जगभर जास्त करून राहतात ती बोटांची टोकं आणि अंगठे. ज्या अंगठ्यावर आपल्या मुलखाने इतकी मेहनत घेतली, तो दवाखान्यात शिरताच विसरला जातो. सुश्रुताने तर शस्त्रवैद्याची नखं कापलेली असावीत, इथपर्यंत बजावून ठेवलंय. त्या दवाखान्यात मी पाहिलेल्या एका तरुण डॉक्टरांची करंगळीची नखं बघून मला वाटलं, यांनी सुश्रुताचा तेवढा अध्याय ऑप्शनला टाकला असावा.

मनगटाबद्दल थोडक्यात. इंग्लंडात 2007 मध्ये डॉक्टरांना फर्मान निघालं, की कोपराच्या खाली हात उघडा हवा: बाही नको, घड्याळ नको, मनगटावर दागिना नको. इथे शिर्डी हाकेच्या अंतरावर, जेजुरी त्याहून लांब, आणि प्रत्येक देवस्थानाचा एक दोरा. शिवाय राखी, जी नारळी पौर्णिमेपासून स्वतःहून गळेपर्यंत ठेवायची असते. कोणत्या कमिटीची हिंमत आहे ती कापायला सांगायची?

सूचनांच्या भाषेनेही कोणाचं मन वळेल असं नाही. शाहीर अनंत फंदींच्या या गावात, ज्यांनी व्यवहाराचा उपदेश फटक्यात बांधून घराघरांत पोचवला त्यांच्या गावात, दवाखान्यातली पाटी म्हणते, ‘कृपया हस्तनिर्जंतुकीकरण करून सहकार्य करावे’. ते वाचून संपेपर्यंत जंतू पुढच्या खाटेवर पोचतात.

सिस्टर लोकांची थट्टा करताना हात जरा आखडता घ्यायला हवा. एकीकडे सलाईन संपलेलं, दुसरीकडे बेल, तिसरीकडे ‘सिस्टर, जरा बघता का’ म्हणत हातात मोबाइल घेऊन उभा असलेला माझ्यासारखा माणूस. अमेरिकेतल्या 35 रुग्णालयांतल्या चार हजारांवर कर्मचाऱ्यांच्या बॅजच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की 12 तासांच्या पाळीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत हात धुण्याचं प्रमाण सरासरी 8.7 टक्के अंकांनी घसरतं. माणूस दमतो, हे कळायला एवढे बॅज लागले. आणखी एका अभ्यासात त्याहून गमतीचं निघालं. बॅज लावल्यावर प्रमाण वाढलं, काही काळाने हळूहळू उतरलं, आणि बॅज काढून घेतल्यावर तर ते बॅज येण्यापूर्वीच्याही खाली गेलं. बघणारा गेला, आता कशाला, असं हातांनीच ठरवलं असावं.

आमच्या दवाखान्यातल्या यंत्राची बॅटरी मामी तिथे असतानाच संपली. कंपनीचा माणूस पुण्याहून ‘निघालोय’ म्हणाला होता आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये असावा. त्या रिकाम्या काळात वॉर्डाची सूत्रं मामींच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे गेली.

आजी कोतुळाकडच्या. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन होऊन पाय उंच ठेवलेला. हलता येत नव्हतं, म्हणून सगळं लक्ष दाराकडे. त्यांच्या नातीने, जी आशाताईंबरोबर गावात हिंडायची, त्यांना हात धुण्याच्या पायऱ्या शिकवल्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला आजींचा एकच प्रश्न: ‘‘हात धुतले का रं दादा?’’ मावशींना तोच, ब्रदरला तोच, डबा घेऊन आलेल्या सख्ख्या जावयालाही तोच. जावई रुसून पायरीवर जाऊन बसला. पेशंटने असं विचारावं, हे परदेशांतल्या मोहिमा लोकांना पत्रकं वाटून शिकवतात, तरी लोक संकोचतात. आपल्याकडे तर डॉक्टरांना ‘किती दिवस लागतील’ हेसुद्धा ते जिन्यापर्यंत गेल्यावर मागून विचारायची पद्धत. आजींना संकोच नावाचं हाडच नव्हतं. जे होतं त्यातलं एक मोडलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी राउंडला मोठे डॉक्टर आले. मागे दोन ज्युनिअर, सिस्टर, फाइल. आजींनी त्यांनाही सोडलं नाही.

‘‘सायेब, हात धुतले का?’’

वॉर्डात शांतता. फाइल धरलेली सिस्टर छताकडे बघायला लागली. डॉक्टर क्षणभर थांबले, हसले, ट्रॉलीवरची बाटली उचलून दोन थेंब घेतले आणि हात चोळून आजींच्या पायाकडे वळले.

‘‘आंगठा राह्यला,’’ आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी अंगठा चोळला. दोन्ही ज्युनिअरांनी, कोणी सांगितलं नसताना, आपापले चोळले. सिस्टरनेही फाइल काखेत धरून चोळले. त्यापुढे आजी असेपर्यंत वॉर्डात शिरणारा प्रत्येक जण बाहेरूनच हात चोळत यायचा आणि आत आल्यावर आजींना अंगठे उंच करून दाखवायचा. मला वाटतं कंपनीच्या माणसाने हे बघितलं असतं, तर पुण्याला परत जाऊन राजीनामा दिला असता.

मामींच्या डिस्चार्जच्या दिवशीच आजींनाही सोडलं. मी आणि त्यांचा मुलगा बिलाच्या खिडकीशी मागेपुढे उभे होतो. त्याने बिल आणून आजींना वाचून दाखवलं: खाट, ऑपरेशन, भूल, औषधं, आणि शेवटी ‘सॅनिटायझर व किरकोळ’.

‘‘मंजी हात त्यांनी धुतले आन् पैसे आपण द्यायचे?’’

‘‘अगं आई, सगळीकडं असंच असतंय.’’

‘‘आसू दे. आन् मी येवढे दिवस बघत बसले, त्याचं कोण देनार?’’

मुलगा खिडकीकडे परत निघाला. मी त्याला थांबवून सांगणार होतो, की अमेरिकेत या कामाला माणसं ठेवतात, भारतातलीच ठेवतात. पण आजींनी ऐकलं असतं तर दर विचारला असता.